शिडाच्या होडीतील चार सुवर्णपदके : पॉल एल्व्हस्ट्रॉम यांची कारकीर्द

ऑलिंपिक क्रीडासामन्यांत एकदा सुवर्णपदक मिळविणे ही कोणत्याही खेळाडूच्या आयुष्यातील फार मोठी घटना होय. तेच पदक लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये, वैयक्तिक स्पर्धेत मिळविण्याचा पराक्रम जगात प्रथम ज्याने केला, तो खेळाडू धावपटू नव्हता, मल्ल नव्हता किंवा जलतरणपटूही नव्हता. तो शिडाच्या होडीतील दर्यावर्दी होता. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० या चारही वर्षी हे यश संपादन केले. त्यांची कारकीर्द केवळ विक्रमांची यादी नाही. सरावाची शास्त्रशुद्ध पद्धत, साधनांतील सुधारणा आणि खेळातील सचोटी या तिन्ही बाबतींत त्यांनी जो पायंडा पाडला, त्याचे मोल पदकांइतकेच आहे. शाळांतून व गावांतून क्रीडाविषयक काम करणाऱ्यांना त्यातून पुष्कळ घेता येण्यासारखे आहे.

शर्यत कशी असते?

हा खेळ आपल्याकडे तितकासा परिचित नसल्यामुळे प्रथम त्याची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल. शर्यतीसाठी समुद्रात किंवा मोठ्या जलाशयात ठराविक अंतरावर तरंगत्या खुणा नांगरून ठेवलेल्या असतात. सर्व होड्यांनी एका आखीव रेषेवरून, ठरलेल्या क्षणी सुटायचे, त्या खुणांना ठरलेल्या क्रमाने वळसे घालायचे आणि अंतिम रेषा गाठायची. इंजिन नाही, वल्हे नाही. बळ केवळ वाऱ्याचे.

वारा पाठीमागून किंवा बाजूने येत असेल तर होडी पुढे जाणे समजण्यासारखे आहे. खरी परीक्षा असते ती वाऱ्याच्या दिशेने जाताना. कोणतीही शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून तिरपी जाऊ शकते. म्हणून दर्यावर्दी काही अंतर उजवीकडे तिरपा जातो, मग होडी वळवून डावीकडे तिरपा जातो, आणि अशा नागमोडी मार्गाने वर चढत जातो. होडीच्या मधून पाण्यात सोडलेली फळी तिला बाजूला घसरू देत नाही, त्यामुळे वाऱ्याचा जोर पुढे जाण्याच्या कामी येतो. कोकणच्या किनाऱ्यावर शिडाचे मचवे चालविणाऱ्या तांडेलांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. शर्यतीत तिला क्षणाक्षणाच्या हिशेबाची जोड मिळते. वारा किंचित फिरला, पुढच्या पाण्यावर झुळुकेची काळसर रेघ उठली, तर ती आधी कोणाच्या दृष्टीस पडते यावर क्रमांक ठरतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे होडी सरळ ठेवणे. शिडावर वारा भरला की होडी कलते, आणि कललेली होडी मंदावते. आपल्याकडील लहान होडीला तोल सांभाळण्यासाठी एका बाजूस उलांडी बांधलेली असते. शर्यतीच्या होडीत उलांडीचे काम स्वतः दर्यावर्द्याला करावे लागते. होडीतील पट्ट्यात पाय अडकवून तो काठावर बसतो व सारे शरीर पाण्यावर बाहेर झोकून देतो. एक हात सुकाणूवर, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, मांड्या व पोट यांच्या स्नायूंवर सारा भार, आणि नजर वाऱ्यावर! ही स्थिती तासतासभर टिकवावी लागते.

ऑलिंपिकमध्ये एका वर्गातील सर्व होड्या एकाच मापाच्या असतात. एल्व्हस्ट्रॉम यांच्या काळात एकट्याने चालवावयाच्या होड्या यजमान देशच पुरवीत असे. त्यामुळे श्रीमंत देशाची होडी चांगली आणि गरीब देशाची वाईट हा प्रश्नच उरत नसे. सर्वांना साधन सारखे, वारा सारखा, पाणीही सारखे. फरक पडे तो माणसाच्या तयारीमुळे.

ओरेसुंडच्या काठी

पॉल एल्व्हस्ट्रॉम यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९२८ रोजी डेन्मार्कमध्ये, राजधानी कोपनहेगनच्या उत्तरेस असलेल्या हेलरुप येथे झाला. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील ओरेसुंड ही सामुद्रधुनी या गावाला लागूनच आहे. ते लहानाचे मोठे झाले ते या पाण्याच्या सहवासात. त्यांच्या कोवळ्या वयाचा काही काळ युद्धाच्या छायेत गेला. १९४० ते १९४५ या पाच वर्षांत डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. युद्ध संपले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून ते ऑलिंपिकसाठी इंग्लंडला गेले.

सोडून दिलेली पहिली शर्यत

१९४८ चे ऑलिंपिक सामने लंडनमध्ये झाले. नौकास्पर्धा मात्र इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे भरविण्यात आल्या. एकट्याने चालवावयाच्या होड्यांच्या स्पर्धेसाठी ‘फायरफ्लाय’ या जातीची छोटी होडी निवडण्यात आली होती. एकूण सात शर्यती होत्या. त्यांपैकी सर्वांत कमी गुणांची एक वगळून उरलेल्या सहांच्या गुणांची बेरीज करावयाची होती.

वीस वर्षांच्या एल्व्हस्ट्रॉम यांनी पहिली शर्यत पूर्णच केली नाही. आपल्या हातून नियमाचा भंग झाला अशी समजूत झाल्यामुळे ते शर्यत सोडून बाहेर पडले. या प्रसंगाचे महत्त्व कळण्यासाठी या खेळाची एक रीत लक्षात घ्यावी लागते. समुद्रावर पसरलेल्या होड्यांच्या मागे शिट्टी घेऊन धावणारा पंच नसतो. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला मार्गाचा हक्क असतो. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने तिला वाट द्यावी लागते. असे अनेक नियम आहेत. एखाद्याने ते मोडले तर दुसरा स्पर्धक आक्षेप नोंदवितो आणि त्याची सुनावणी किनाऱ्यावर आल्यानंतर होते. पण आपली चूक झाली असे ज्याला स्वतःलाच वाटते, त्याने कोणी सांगण्याची वाट न पाहता ती पत्करावी, हा या खेळाचा पाया आहे. ऑलिंपिकच्या पहिल्याच शर्यतीत, सारे स्वप्न पणाला लागलेले असताना, या तरुणाने तेच केले.

पुढील चार शर्यतींतही त्यांना विजय मिळाला नाही. परंतु हळूहळू त्यांचा जम बसत गेला. शेवटच्या दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या आणि ५,५४३ गुण मिळवून सुवर्णपदक पटकाविले. त्या वेळच्या गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाचे मोल फार असे. त्यामुळे दोन विजयांनी सारे चित्र पालटले. पहिली शर्यत हातची गेल्यावरही खचून न जाता सातव्या शर्यतीपर्यंत शिकत राहणे, हीच त्या विजयाची खरी किल्ली होती.

फिन होडी आणि तीन ऑलिंपिक

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी ‘फिन’ ही नवी होडी निवडण्यात आली. स्वीडनचे रिकार्ड सार्बी यांनी तिचा आराखडा केला होता. सुमारे साडेचार मीटर लांबी, एकच मोठे शीड आणि चालविणारा एकच माणूस. जोराच्या वाऱ्यात ही होडी सांभाळण्यासाठी मोठी ताकद लागे. हेलसिंकीत २८ होड्यांच्या शर्यतीत पहिला येणाऱ्यास १,५४८ गुण, तर दुसऱ्यास १,२४७ गुण मिळत. एल्व्हस्ट्रॉम यांनी सातपैकी चार शर्यती जिंकल्या व ८,२०९ गुणांची कमाई केली. दुसऱ्या क्रमांकाच्या ब्रिटनच्या चार्ल्स करी यांना ५,४४९ गुण मिळाले. खुद्द होडीचे रचनाकार सार्बी तिसरे आले! ज्याने होडी घडविली त्याच्यापेक्षा ती अधिक चांगली चालविणारा माणूस निघावा, ही घटना बोलकी आहे.

१९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे त्यांनी सातपैकी पाच शर्यती जिंकून तिसरे सुवर्णपदक मिळविले. १९६० चे सामने रोमला झाले. नौकास्पर्धा नेपल्सच्या उपसागरात पार पडल्या. तेथे सहा शर्यतींतच त्यांनी इतके गुण जमविले, की सातव्या शर्यतीत उतरण्याची गरज उरली नाही. ते त्या शर्यतीत उतरलेही नाहीत. लागोपाठ चौथे सुवर्णपदक त्यांच्या नावावर नोंदले गेले.

जमिनीवरचा सराव

या यशामागचे रहस्य काय होते? एल्व्हस्ट्रॉम यांच्यापूर्वी शिडाच्या होड्यांच्या शर्यती हा बहुतांशी हौसेचा व फावल्या वेळेचा खेळ समजला जाई. उन्हाळ्यात होडी पाण्यात घालावी, आठवड्याच्या सुटीत शर्यत खेळावी, अशी रीत होती. एल्व्हस्ट्रॉम यांनी या खेळाकडे व्यायामपटूच्या दृष्टीने पाहिले. वाऱ्यात शरीर बाहेर झोकून अधिक वेळ टिकता आले, तर होडी अधिक सरळ राहील आणि अधिक वेगाने जाईल, हा साधा विचार त्यांनी शेवटपर्यंत नेला. घरीच त्यांनी होडीच्या काठासारखे एक बाक तयार केले. त्या बाकावर बसून, पट्ट्यात पाय अडकवून, मागे झुकून ते तासन्‌तास सराव करीत. आज जगभर नौकानयनाच्या प्रशिक्षणकेंद्रांत असे बाक वापरले जाते.

डेन्मार्कच्या कडाक्याच्या थंडीतही ते ओरेसुंडच्या पाण्यात सराव करीत. सुटण्याच्या रेषेवर नेमक्या क्षणी पोहोचणे, खुणेला वळसा घालणे, होडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळविणे या प्रत्येक क्रियेचा ते पुनःपुन्हा अभ्यास करीत. शर्यतीत ज्या क्रिया विचार न करता घडाव्यात असे वाटते, त्या सरावात हजार वेळा विचारपूर्वक केलेल्या असाव्या लागतात. कोणत्याही कौशल्याच्या शिक्षणाला हे तत्त्व लागू पडते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

साधनांतील सुधारणा

एल्व्हस्ट्रॉम हे केवळ खेळाडू नव्हते, कुशल रचनाकारही होते. १९५४ मध्ये त्यांनी शिडे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या नावाची शिडे पुढे जगभर वापरली जाऊ लागली. शिडाच्या खालची आडवी काठी वाऱ्यात वर उचलली जाऊ नये म्हणून तिला खाली खेचून धरणारा दोर प्रचारात आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

त्यांची सर्वांत उपयुक्त सुधारणा म्हणजे होडीतील पाणी आपोआप बाहेर टाकणारी झडप. लहान होडीत लाटांचे पाणी सतत येते. ते भांड्याने उपसावयाचे तर एक हात अडकून पडतो. होडीच्या तळाला छिद्र ठेवून, होडीच्या वेगामुळे निर्माण होणाऱ्या ओढीने पाणी बाहेर काढण्याची कल्पना पूर्वीही होती. परंतु होडी थांबली, की त्याच छिद्रातून बाहेरचे पाणी आत शिरे, आणि तळ एखाद्या अडथळ्याला लागला, की उपकरण मोडून जाई. एल्व्हस्ट्रॉम यांनी पाचरीच्या आकाराचे उपकरण तयार केले. तळ घासला तर ते आपोआप मिटते. वेग कमी झाल्यास पाणी उलट आत येऊ नये म्हणून आतील बाजूस एक पडदी बसविलेली असते. साध्या निरीक्षणातून निघालेली ही युक्ती आजही लहान होड्यांत वापरात आहे.

नियमांचा शिक्षक

शर्यतीचे नियम बारकाव्याचे असतात व ते वेळोवेळी बदलतात. एल्व्हस्ट्रॉम यांनी या नियमांचे स्पष्टीकरण करणारे पुस्तक तयार केले. नियमांच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्याच्याही नव्या आवृत्त्या निघत गेल्या आणि अनेक भाषांत त्याचा प्रसार झाला. या पुस्तकासोबत प्लास्टिकच्या चिमुकल्या होड्या देण्यात येत. दोन होड्या समोरासमोर आल्या तर हक्क कोणाचा, हे टेबलावर त्या मांडून समजावून घेता येत असे. आक्षेपांच्या सुनावणीतही या होड्यांचा उपयोग होऊ लागला. ज्या तरुणाने आपली पहिली ऑलिंपिक शर्यत नियमभंगाच्या शंकेवरून सोडून दिली होती, तोच पुढे या नियमांचा जगन्मान्य शिक्षक व्हावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

प्रतिस्पर्ध्यांचा आदर गमावून मिळविलेला विजय हा विजयच नव्हे, हे त्यांचे मत नौकानयनाच्या जगात सर्वत्र उद्धृत केले जाते. ज्या खेळात पंच दूर असतो, तेथे हे मत केवळ सुभाषित राहत नाही; खेळ चालू राहण्यासाठी ती आवश्यक अट ठरते. सार्वजनिक जीवनातही पुष्कळसे व्यवहार देखरेखीवाचूनच होत असतात, आणि तेथेही नियमांची खरी राखण प्रत्येकाच्या मनानेच करावयाची असते.

यशाची दुसरी बाजू

सततच्या विजयाची किंमतही एल्व्हस्ट्रॉम यांना मोजावी लागली. प्रत्येक स्पर्धेत आपणच जिंकले पाहिजे अशी लोकांची अपेक्षा व स्वतःचा आग्रह यांचा ताण त्यांच्या प्रकृतीला असह्य होऊ लागला. १९६० नंतर त्यांनी ऑलिंपिकपासून काही काळ दूर राहणे पसंत केले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते उतरले नाहीत. खेळाडूच्या मनावरील ताण या विषयाची आज जितकी चर्चा होते, तितकी त्या काळी होत नसे. विजेत्यालाही विश्रांतीची व आधाराची गरज असते, ही गोष्ट मुलांना स्पर्धेत उतरविणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मात्र त्यांनी समुद्र सोडला नाही. एकट्याने चालवावयाच्या होडीखेरीज दोन व तीन माणसांच्या होड्यांतही त्यांनी प्रावीण्य मिळविले. ‘फाइव्ह-ओ-फाइव्ह’ वर्गात १९५७ व १९५८, ‘फिन’ वर्गात १९५८ व १९५९, ‘स्नाइप’ वर्गात १९५९, ‘फ्लाइंग डचमन’ वर्गात १९६२, ‘स्टार’ वर्गात १९६६ व १९६७, तर ‘सोलिंग’ वर्गात १९६९ व १९७४ अशी त्यांची जागतिक अजिंक्यपदे आहेत. होडीची जात बदलली, की तोल, शीड, सहकारी सारेच बदलते. इतक्या विविध वर्गांत जगज्जेता ठरणे ही गोष्ट जाणकारांना चार सुवर्णपदकांहूनही अधिक विलक्षण वाटते.

ऑलिंपिकमध्ये मात्र त्यांना पुन्हा पदक मिळाले नाही. १९६८ मध्ये ‘स्टार’ वर्गात ते चौथे आले. १९७२ मध्ये जर्मनीतील कील येथे ‘सोलिंग’ वर्गात तेरावे. त्यानंतर बारा वर्षांनी, १९८४ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्ये, ते आपली कन्या त्रिने हिला सोबत घेऊन ‘टॉर्नेडो’ या जोडसांगाड्याच्या वेगवान होडीतून उतरले. छप्पन्न वर्षांचे वडील आणि त्यांची मुलगी एकाच होडीत! त्यांना चौथा क्रमांक मिळाला. पदक अगदी थोडक्यात हुकले. १९८८ मध्ये दक्षिण कोरियात हीच जोडी पुन्हा उतरली व पंधरावी आली. तेव्हा एल्व्हस्ट्रॉम साठ वर्षांचे होते. पहिल्या व आठव्या ऑलिंपिकमध्ये चाळीस वर्षांचे अंतर होते. नावलौकिकाला बाध येईल म्हणून ते मागे राहिले नाहीत. खेळाची गोडी त्यांना पुनःपुन्हा पाण्यावर घेऊन आली.

१९९६ मध्ये डेन्मार्कने त्यांना शतकातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणून गौरविले. २००७ मध्ये जागतिक नौकानयन संघटनेने सुरू केलेल्या मानमंडळात प्रथम निवडलेल्या सहा नाविकांत त्यांचा समावेश होता. ब्रिटनचे बेन एन्स्ली यांनी २०१२ मध्ये आपले चौथे सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या नावावर आधीचे एक रौप्यपदकही असल्याने ऑलिंपिक नौकानयनातील सर्वाधिक यशाचा मान एल्व्हस्ट्रॉम यांच्याकडून त्यांच्याकडे गेला. ७ डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, एल्व्हस्ट्रॉम यांचे निधन झाले.

आपल्या किनाऱ्यासाठी

भारतात या खेळाची परंपरा मुंबईच्या बंदरात रुजली. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ सालची आहे. १९७२ मध्ये कील येथे एल्व्हस्ट्रॉम शर्यतीत असताना त्याच स्पर्धांत भारताची होडीही ‘फ्लाइंग डचमन’ वर्गात उतरली होती. १९८२ च्या आशियाई सामन्यांतील नौकास्पर्धा मुंबईत झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळविले. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शीडनौकेतून २००९–१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अभिलाष टॉमी यांनी २०२३ मध्ये एकट्याने करावयाच्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दुसरा क्रमांक पटकाविला.

तरीही पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर, जेथे मुलांना वारा व भरती-ओहोटी यांची जाण घरातूनच मिळते, तेथे हा खेळ अजून शहरातील थोड्या लोकांचा वाटतो. मचव्यांवर यंत्रे आली आणि शीड हाताळण्याची विद्या मागे पडत चालली. लहान मुलांसाठी जगभर वापरण्यात येणारी ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी १९४७ मध्ये अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी साध्या प्लायवूडपासून, कमी खर्चात तयार होईल अशा बेताने आखली. मुलांना पोहणे शिकविणे, जीवरक्षक जाकीट घातल्याखेरीज पाण्यात न जाण्याची शिस्त लावणे, वारा व प्रवाह यांचे निरीक्षण भूगोलाच्या व विज्ञानाच्या अभ्यासाशी जोडणे, या गोष्टींना तर होडीचीही गरज नाही. किनाऱ्यावरील व मोठ्या धरणांजवळील शाळा आणि पंचायती यांनी एवढी सुरुवात केली, तरी घरातील जुन्या जाणत्या तांडेलांचा अनुभव मुलांच्या कामी येईल.

एल्व्हस्ट्रॉम यांचा देश लहान, होडी लहान आणि सरावाचे साधन म्हणजे घरातील एक बाक. त्यावर त्यांनी जे उभे केले ते अभ्यासाच्या सातत्याने आणि नियमांच्या आदराने. वारा सर्वांसाठी सारखाच वाहत असतो. त्याचा उपयोग करून घेण्याची तयारी मात्र ज्याची त्यानेच करावयाची असते.